गजभियेबाईंचा डावा हात

प्लास्टर कापून झालं आणि मी पायाकडे पाहिलं, तेव्हा तो माझाच पाय आहे यावर माझा विश्वास बसेना. मांडी दंडाएवढी बारीक झालेली, कातडीचे पापुद्रे सुटलेले, आणि मध्ये गुडघा म्हणजे काठीला मारलेली गाठ. शेजारी उभ्या असलेल्या बायकोनं पदर तोंडाला लावला. वारासिवनीच्या रस्त्यावर सायकलवरून पडून गुडघ्याची वाटी फुटली, त्यानंतर आम्ही दोघंही याच दिवसाची वाट पाहत होतो. प्लास्टर निघेल आणि मी चालत घरी जाईन, अशी आमची समजूत. गुडघा तर तसूभरही वाकत नव्हता. हाड छान जुळलंय, असं सांगून डॉक्टर पुढच्या रोग्याकडे वळले होते.

मी सुन्न बसलो असताना पांढऱ्या साडीतली एक ठेंगणी बाई दारातून आत आली. तिनं माझ्या चेहऱ्याकडे पाहिलंच नाही, सरळ पायाकडे पाहिलं. मग म्हणाली, "पाय मेला नाई बाबू. झोपला हाये. चला, उठवू त्याले."

या इंदिराबाई गजभिये. नागपूरला व्यायामोपचाराचं रीतसर शिक्षण घेऊन त्या बालाघाटच्या दवाखान्यात आल्या होत्या. साठ सालच्या आसपासची ही गोष्ट. असा काही उपचार असतो हेच गावाला ठाऊक नव्हतं. लोक त्यांना मालिशवाली बाई म्हणत, आणि त्या चिडत नसत. प्लास्टरच्या खोलीला लागून त्यांची खोली होती. तिच्यात दोन लाकडी बाकं, छताला टांगलेली एक दोरी-कप्पी, वाळूच्या पिशव्या आणि भिंतीला लावलेली आडवी दांडी. बस्स.

माणसाकडे पाहायचं ते पायांपासून, ही त्यांची सवय. बाजारात भेटल्या तरी नमस्काराआधी त्यांची नजर खाली जायची. आमच्या वनखात्याच्या कचेरीतल्या हेडक्लार्कला त्यांनी भर रस्त्यात सांगितलं होतं की तुमची कंबर दुखते, तुम्ही उजव्या पायावर भार टाकत नाही. तो कुणालाही न सांगता महिनोन्महिने दुखणं काढत होता.

माझ्या गुडघ्यावर त्यांनी रोज सकाळी काम केलं. आधी गरम शेक, मग मांडीचा स्नायू नुसता आवळून सोडायचा, मग टाच बाकावर घासत मागे न्यायची. "सांधा म्हंजे दरवाज्याचा कबजा," त्या म्हणायच्या, "उघडला नाई का जंग लागते." गुडघा वाकवताना मी ओरडत असे. बाहेर बसलेली माणसं उठून दुसरीकडे जाऊन बसत. बाईंच्या चेहऱ्यावरची रेषही हलत नसे. दुखणं वेगळं आणि इजा वेगळी, हे त्यांचं ठाम मत होतं. दुखतंय म्हणून थांबणारा माणूस जन्मभर लंगडतो, असं त्या मला ऐकवत.

त्या सगळ्यांनाच ताबडतोब राबवत, असंही नाही. किरनापुरातून एक सून आली होती, विहिरीच्या पायरीवर घोटा मुरगळलेली. सासू गरम तेल लावून तो जोरजोरात चोळत होती आणि घोटा भोपळ्यासारखा फुगला होता. बाईंनी सासूचा हात धरून बाजूला केला. ताज्या मोचेला चोळायचं नाही, गार पाण्याच्या पट्ट्या ठेवायच्या, बांधायचं, पाय उशीवर घ्यायचा. सूज उतरली की मग हालचाल, असं त्यांनी बजावलं. वर सुनेला चार दिवस चुलीपुढे बसवायचं नाही, हेही सासूकडून कबूल करून घेतलं.

काही लोक त्यांचं आडनाव विचारत आणि काहीतरी निमित्त काढून उठून जात. पहिल्यांदा हे माझ्या डोळ्यांदेखत घडलं तेव्हा मी हादरलो. खांदा आखडलेला एक म्हातारा होता. हात कानापर्यंतही जात नव्हता, पण बाईंचा स्पर्श नको म्हणून तो निघाला. बाई त्याच्या मागोमाग दारापर्यंत गेल्या. "मी हात नाई लावत, बाबाजी," त्या शांतपणे म्हणाल्या. "पन हात त तुमचाच हाये ना? भिंतीवर ठेवा. आता बोटं चालवत वर न्या." उंबऱ्याबाहेर उभं राहून म्हाताऱ्यानं ते केलं. दुसऱ्या दिवशीही तो आला आणि बाहेरच उभा राहिला. बाईंनी त्यालाही आतल्या रोग्यांइतकंच दरडावलं.

मी चालू लागलो, सायकलवरही बसलो. पुढे कितीतरी वर्षं कचेरीतून येताना मी त्यांच्या खोलीत डोकावत असे. अर्धांगवायूचे रोगी, बैलगाडीवरून पडलेले, बांबूच्या डेपोत कंबर धरलेले मजूर, सगळे तिथे भेटत. बाईंनी लग्न केलं नाही. किरनापूरला भाऊ-भावजय होते. त्यांच्याकडे सुटीत जायचं, एवढंच त्यांचं जग.

अशाच एका सुटीत पुतण्याच्या लग्नाच्या गडबडीत त्या अंगणात कोसळल्या. डावं अंग गेलं. मला बातमी बऱ्याच उशिरा कळली. पुढच्या रविवारी मी बस धरली.

बसमध्ये मला वाटत होतं, बाई खाटेवर बसून भावजयीला व्यायाम शिकवत असतील. पाहिलं ते निराळंच. बुद्धाच्या तसबिरीखाली खाट, भोवती उशा, भावजय पंख्यानं वारा घालतेय, आणि बाई भिंतीकडे तोंड करून पडलेल्या. डावा हात छातीशी मुडपलेला, मूठ घट्ट, अंगठा आत दडपलेला. असे हात मी त्यांच्या खोलीत पाहिले होते. ते असेच राहू दिले की पुढे उघडत नाहीत, हे त्यांनीच मला सांगितलं होतं.

भावजय भाबडी, मायेची. हात हलवला की ताईंच्या डोळ्यांतून पाणी येतं, म्हणून आम्ही हातच लावत नाही, असं ती म्हणाली. मी बाईंच्या जवळ बसलो. व्यायामाचं विचारलं. मग एका बाजूला ओढलेल्या ओठांतून शब्द आले.

"दुखते बाबू. लई दुखते. मी लोकायले इतकी तकलीफ देत होती, मले कोनी सांगतलं काहून नाई?"

ज्या बाईपुढे आम्ही सगळे ओरडलो, रडलो, ती हे विचारत होती. मी खरं तेच बोललो. "सांगत होतो बाई. तुम्ही ऐकत नव्हतात."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, फार लागेल असं बोललो. मग डोळे न उघडता त्या म्हणाल्या, "मंग तुमीही नोका आयकू. धरा हात."

मी कचेरीतला बाबू. पण वर्षानुवर्षं पाहिलं होतं. मनगट आधी आतल्या बाजूला वाकवलं, की बोटं ढिली पडतात. मग अंगठा मुळाशी धरून बाहेर, झटका न देता. बाई कळवळल्या. भावजय धावत आली आणि मला थांबवू लागली. बाईंनी चांगल्या हातानं तिचा पदर धरून तिला खाली बसवलं, आणि पाहून ठेव म्हणून सांगितलं.

भावजयीनं पाहून ठेवलं. उन्हाळा सरता सरता बाई काठी घेऊन अंगणात चालू लागल्या. दवाखान्यात परतल्यावर नोकरी संपेपर्यंत त्या खुर्चीवर बसून रोग्यांना आणि त्यांच्या माणसांना तोंडानं शिकवत राहिल्या. दरडावणं तेच राहिलं. फक्त कुणाचा गुडघा वाकवायची वेळ आली, की त्या खुर्ची पुढे ओढून उजव्या हातानं त्याच्या हाताचा पंजा धरून ठेवत. पूर्वी त्यांनी हे कधी केलं नव्हतं.

पंचाहत्तर सालच्या आगेमागे दुसरा झटका आला, आणि त्यात त्या गेल्या. मी किरनापूरला पोचलो तेव्हा त्यांना अंगणात ठेवलं होतं. डावा हात पुन्हा कधीच कामाचा झाला नव्हता. पेलासुद्धा त्यानं उचलला नाही. माझी नजर आपसूक तिकडे गेली. पंजा सरळ होता, बोटं सुटी, अंगठा बाहेर.

"सकाळी बोटं मोकळी करून देल्ली होती," भावजय म्हणाली. "दुपारी गेल्या."