चिंचेने घासलेली शिंप

२०२३ साली मी चौऱ्याहत्तर वर्षांचा होतो. शाळा तिसरीपर्यंत. पण तलाव बांधणाऱ्यांच्या घरचा माणूस. पाण्यातल्या वस्तूंबद्दल मला कोणी शिकवलेलं खपत नाही.

त्या हिवाळ्यात मोठी नात घरी आली. ती कॉलेजात शिंपांवर अभ्यास करते. सोबत डबीत, कापसात ठेवलेली एक शिंप होती. उत्तर ध्रुवाकडच्या बर्फाळ समुद्रातली, वरून काळीकुट्ट. दुसऱ्या दिवशी गोंदियाहून गाडी धरून ती तपासणीच्या मशीनवर न्यायची होती. तशी दुसरी मिळणार नव्हती.

"हिच्यात दरसाल एक थर बसते, आबाजी. त्या थराची चिमूटभर भुकटी तपासली का त्या साली समुद्र किती थंडा होता, ते समजते."

"म्हणजे शिंप बोलते म्हण!"

"बोलतेच. तुमच्याहून म्हातारी आहे, अन् फुशारकी नाही मारत."

ती आत जेवायला गेली. मी शिंपीकडे पाहत बसलो. चार लोकांसमोर जायची वस्तू अशी मळकी? पोळ्याला बैलांच्या गळ्यातल्या पितळी घाट्या मीच चकाकवतो. गावात तसा हात कोणाचा नाही. चिंच घेतली, राख घेतली अन् घासायला बसलो. फेस आला. वाटलं, मळ सुटून राहिला. शिंप पांढरीशुभ्र झाली.

नातीने बाहेर येऊन शिंप माझ्या हातातून काढून घेतली. "कायले घासली, आबाजी? चिंच थर खाते ना!"

माझी बुढी दारातून म्हणाली, "याईले चकाकलं नाही का जेवण पचत नाही. एखाद दिवशी मलेबी घासतीन."

"घाण होती, काढली," मी म्हटलं. चूक झाली असं मी अजूनही म्हटलेलं नाही.

पोरीने भिंग लावून शिंप उलटसुलट पाहिली. मी श्वास धरून होतो, खोटं कशाला सांगू. मग ती हसली. बिजागरीपाशी, जिथे दोन शिंपा जुळतात, तिथे ती जाड असते. तिथले आतले थर शाबूत होते.

"काठावरची दोन-चार सालं खाल्ली तुम्ही. बाकी वाचली. पण आता इतक्याशा जागेतून भुकटी काढाची आहे. हात बसवाले साध्या शिंपा पाहिजेन."



दुसऱ्या दिवशी सकाळी, तिची गोंदियाची बस यायच्या आधी, धोतर खोचून गावच्या बोडीत उतरलो. गुडघाभर पाण्यातून दुपट्टाभर शिंपा काढल्या अन् चिखलासकट, न धुता, तिच्या पिशवीत ठेवल्या.