पालकाच्या विनंतीवरून

मला कॉलेजात घातलं ते रेल्वेच्या बाईंनी. हे आधीच सांगून टाकते, कारण मी सांगायला लागले की घाबरून भलतीकडंच जाते आणि मुख्य माणूस राहून जातं. बाई नांदेडला रेल्वेच्या विभागीय ऑफिसात कारकून होत्या. आमच्या गल्लीत त्यांना नावानं कुणी ओळखत नसे, पण रेल्वेच्या बाई म्हटलं की लहान लेकरूसुद्धा घर दाखवायचं. ऑफिसला जायच्या आधी, साडेसहा ते साडेआठ, त्या गल्लीतल्या बुद्धविहाराच्या हॉलमध्ये क्लास घ्यायच्या. बारावी झालेल्या मुलामुलींनी पुढं कॉलेजात कसं जायचं, कोणता फॉर्म कुठं भरायचा, वसतिगृहाची यादी कधी लागते, इंग्रजीत चार वाक्यं न अडखळता कशी बोलायची, असा तो क्लास. बारावीच्या आतलं त्यात कुणी नव्हतं. एक मी होते, पण ते बाईंना माहीत नव्हतं.

मी चाकूर तालुक्यातली. नांदेडला आले ती दोन महिन्यांसाठी. मावशीची मेस होती, मोठमोठ्या क्लासला आलेल्या पोरींची. तिच्या पोटाचं ऑपरेशन झालं आणि चपात्यांना माणूस मिळेना. मी नववीत होते, दिवाळीची सुट्टी लागली होती. आईनं दोन ड्रेस पिशवीत घातले, बाबांनी एसटीत बसवून दिलं. दोन महिने झाले तेव्हा मावशीला अजून वाकता येत नव्हतं. मग उन्हाळ्यापर्यंत राहू दे म्हणाली. मग जूनमध्ये मेसला नव्या पोरी आल्या, आणि ऐन गर्दीत कशी जाऊ? असं करत तीन वर्षं गेली. शाळा सोड, असं मला कुणीच म्हणालं नाही. मला शाळेत जायचंय, असं मीही म्हणाले नाही. घरी फोन केला की आई विचारायची जेवलीस का, आणि बाबा विचारायचे तिकडं पाऊस हाय का.

मेसच्या पोरी माझ्याच वयाच्या, डॉक्टर व्हायला आलेल्या. ताटावर बसून त्या हाडांची नावं पाठ करायच्या आणि मी तव्यापाशी ती ऐकून ऐकून मनात म्हणायची. एकदा एकीनं विचारलं, तू पण ट्वेल्थ ना? मी मान हलवली. बोलले काहीच नाही, नुसती मान हलवली. पण पुढं तेच तोंडात बसलं. रेल्वेच्या बाई संध्याकाळी दोन भाकरी न्यायला यायच्या, त्यांनी कितवी झाली गं म्हणून विचारलं तेव्हाही मी बारावी म्हणाले. मग सकाळी येत जा, म्हणाल्या. मावशी म्हणाली, सकाळचं पोह्यांचं मी बघते, जाऊ दे पोरीला. अशी मी गेले.

बाईंची शिकवायची एक तऱ्हा होती. त्यांच्याकडं रेल्वेच्या आरक्षणाच्या बाद झालेल्या फॉर्मांचा गठ्ठा होता. रोज पहिली दहा मिनिटं तो फॉर्म भरायचा. इंग्रजीत, मोठ्या अक्षरांत, एका चौकटीत एकच अक्षर. नाव, वय, कुठून कुठं. त्या म्हणायच्या, ज्याला फॉर्मची भीती वाटत नाही त्याला ऑफिसची भीती वाटत नाही. आणि मग एकेकाला विचारायच्या, आज कुठं चाललात? कुणी दिल्ली लिहायचं, कुणी मुंबई, एक पोरगा रोज गुवाहाटीला जायचा आणि रोज स्पेलिंग चुकायचा. मी रोज लातूर रोड लिहायची. आमच्या गावाजवळचं तेच मोठं स्टेशन. बाई हसून म्हणायच्या, अगं कधीतरी पुढं जाणाऱ्या गाडीत बस.

दोन महिने निभावलं. इंग्रजी मला येत नव्हतं, पण ते तिथं पुष्कळांना येत नव्हतं, म्हणून उघडं पडले नाही. फक्त रोज सकाळी विहाराच्या पायऱ्या मी सगळ्यांच्या मागून चढायची. मग एक दिवस बाईंनी सांगितलं, सगळ्यांनी सोमवारी बारावीचं गुणपत्रक आणि टीसी घेऊन या. सोमवारी मी गेले नाही. मंगळवारीही नाही. गुरुवारी बाई स्वतःच मेसवर आल्या, दुपारच्या गर्दीत, ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत.

मावशी दारात होती. बाईंनी तिला विचारलं, हिची टीसी कुठंय? मावशीचा चेहराच उतरला. रेल्वेच्या माणसानं टीसी म्हटल्यावर तिला दुसरं काय सुचणार. ती तिथूनच ओरडली, "कवा बिनतिकीट गेली गं तू? मी तुला एसटीनंच जायाला सांगितलंय ना?" ताटावरच्या पोरी फिसकन हसल्या. बाईही हसल्या. मी मात्र तव्यावरची चपाती उलटायची विसरले. शाळेचा दाखला हो, बाईंनी समजावलं, त्यालाही टीसीच म्हणतात. तर मावशी सहज म्हणाली, दाखला कुठला, नववीतच आली की ती माझ्याकडं.

बाई माझ्याजवळ आल्या. मला वाटलं, आता सगळ्या पोरींसमोर माझी फजिती होणार. त्या हळूच म्हणाल्या, "चपाती जळून राहिली."

मी ती काढली.

"नववी तरी झाली का?"

"न्हाई. अर्धीच हाय."

त्यांनी गॅस बारीक केला. मग विचारलं, कागद आहे का एखादा? ताटावरच्या एका पोरीची वही होती, तिच्या मागच्या पानावर त्यांनी एक आकडा लिहिला, सतरा. शाळा सुटलेल्यांना बाहेरून दहावीला बसता येतं, त्याच्या फॉर्मचा हा नंबर. फॉर्मची मुदत पुढच्या आठवड्यात संपत होती आणि शाळा सोडल्याचा मूळ दाखला लागत होता. तो आण, एवढंच म्हणाल्या. खोटं का बोललीस, हे त्यांनी त्या दिवशी विचारलं नाही आणि नंतरही कधी विचारलं नाही. ते न विचारणं मला अजून टोचतं.

चाकूरला मी आणि बाबा शाळेत गेलो. बाबा मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, हमाली करतात. शाळेत ते त्याआधी बहुतेक एकदाच आले असतील, माझं नाव घालायला. डोक्यावरची टोपी काढून त्यांनी हातात धरली. ऑफिसातल्या क्लार्क साहेबांनी आधी सांगितलं, आठ दिवसांनी या. मी म्हणाले, फॉर्मची मुदत तीन दिवसांवर आलीय. ते म्हणाले, तीन वर्षं घाई नव्हती आणि आता घाई. तरी रजिस्टर काढलं आणि दाखला लिहायला घेतला. माझं नाव, जन्मतारीख एक जून, जी आमच्या वर्गात निम्म्या पोरांची होती. वर्तणूक चांगली. मग एक रकाना आला, शाळा सोडण्याचे कारण, आणि तिथं त्यांनी न थांबता लिहिलं, पालकाच्या विनंतीवरून.

बाबांना वाचता येतं, हळूहळू येतं. ते बोट ठेवून वाचत गेले आणि त्या ओळीवर थांबले.

"साहेब, म्या कवा इनंती केली?"

"ते सगळ्यांच्याच दाखल्यावर असतंय मामा. तसंच लिहायची पद्धत हाय."

"असंल. म्या न्हाई केली."

मी मागून बाबांचा शर्ट ओढत होते. मला एकच भीती, हे साहेब चिडले आणि दाखला ठेवून दिला तर सगळं संपलं. साहेब खरंच चिडले. पेन खाली ठेवून म्हणाले, "मग काय लिहू? पोरगी चपात्या लाटायला गेली म्हणून लिहू?"

बाबांनी खाली बघितलं. मला वाटलं आता निघू. पण ते म्हणाले, "हाव. तेच लिवा. खरं तर व्हईल."

ऑफिसात एक शिपाई होता, एक दुसरे गुरुजी होते. दोघांनीही मान वर करून बघितलं. मग बाबाच पुन्हा म्हणाले, आणि आता आवाज एकदम बारीक झालेला, "न्हाई जमत तर आता घ्या माझी इनंती लिहून. पोरीला परत घ्या म्हणून."

साहेबांनी रजिस्टर बाबांकडं फिरवलं. मग म्हणाले, मामा, तिचं वर्गात बसायचं वय निघून गेलं, आणि रजिस्टरला आहे तेच मला इथं लिहावं लागतं. पण आठ दिवसांचं काही बोलले नाहीत. दाखला घेऊन स्वतः उठले, मुख्याध्यापकांच्या खोलीत गेले, आणि सही-शिक्का करून अर्ध्या तासात माझ्या हातात दिला. ओळ तीच राहिली. स्टँडवर एसटीची वाट बघताना बाबा म्हणाले, मला कुणी इचारलं असतं ना, तर न्हाई म्हणलो असतो. मलाही कुणी विचारलं असतं, तर मीही नाहीच म्हणाले असते. आम्ही दोघं एकमेकांच्या विचारण्याची तीन वर्षं वाट बघत होतो, हे मला तिथं कळलं.

नांदेडला बाईंनी दाखला बघितला. मी सगळं सांगितलं, चपात्यांचंही. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, हे वाक्य मी शेकडो दाखल्यांवर वाचलं, पण त्यावर भांडलेला बाप पहिल्यांदा ऐकला. मग फॉर्म भरायला माझ्याकडंच दिला. ऑनलाइन होता, तिथंही चौकटीच होत्या. माझं एकही अक्षर चुकलं नाही.

दहावीला मी गणितात काठावर पास झाले. दोन वर्षांनी बारावी, तीही बाहेरूनच. इंग्रजीच्या पेपरला मी जायलाच तयार नव्हते म्हणून बाई रजा टाकून केंद्राच्या फाटकाबाहेर बसल्या होत्या. नांदेडच्या वसतिगृहाच्या यादीत माझं नाव लागलं नाही, कोल्हापूरच्या लागलं. मला जायचं नव्हतं. बाईंनीच गाडीत बसवून दिलं.

आता इथं मी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे. वर्गात मीच सगळ्यात मोठी. मेसच्या चपात्या दुसरंच कुणी लाटतं आणि मला आयत्या खाताना अजून संकोच होतो. मी "जाऊन राहिले" म्हटलं की खोलीतल्या मुली हसतात, वाईट नाही, गंमतीनं, पण दिवसभर कुणी "हाव" म्हणत नाही हे संध्याकाळी फार जाणवतं. ओळखपत्र पिशवीत आहे ना, हे मी वर्गात जाताना तीनदा बघते. कुणीतरी येऊन म्हणेल, तू नववीतली, तू इथं कशी, असं वाटत राहतं. मग विहाराचा तो हॉल आठवतो, सतरंजीवर सकाळचं ऊन, गुवाहाटीवाला पोरगा, आणि जीव तिकडंच ओढतो.

मी इकडं आल्यावर बाई निवृत्त झाल्या. परवा फोन केला तेव्हा क्लासचं विचारलं, तर म्हणाल्या बंद केला. डोळ्यांनी आता बारीक अक्षर दिसत नाही, ऑपरेशन केलं तरी डाव्याचं फारसं होणार नाही असं डॉक्टर म्हणाले. पेपरसुद्धा शेजारच्याला वाचायला सांगावा लागतो आणि तो ठळक मथळेच वाचून उठतो, असं सांगून हसल्या. मी इकडं तोंडाला ओढणी लावून उभी होते.

बाई, हे तुम्हाला कुणीतरी वाचूनच दाखवील, म्हणून नीट सांगते. माझं इथलं होऊ द्या. मी नांदेडलाच परत येणार आहे, जी मिळेल ती नोकरी धरून, तुमच्या गल्लीत नाहीतर जवळच्या गल्लीत. रोज सकाळी साडेसहाला तुमच्याकडं येईन आणि पेपर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचीन, छोट्या जाहिरातीसकट. तुम्ही उच्चार सुधारा. तोवर थोडी वाट बघा.