ऑकलंड ते पनवेल

मुलाकडचे रविवारी बघायला येणार म्हणून आई रव्याचे लाडू वळत होती आणि मी आतल्या खोलीत मोबाइलवर ऑकलंडची विमानं बघत बसले होते. मुलाची नोकरी तिथे. मी एकुलती एक, आणि आईच्या अँजिओप्लास्टीला अजून वर्षही झालेलं नाही. मला एवढंच बघायचं होतं, की घरून फोन आला तर मी किती वेळात पोचेन. अंतर बारा हजार किलोमीटरच्या वर. मध्ये सिंगापूरला विमान बदलायचं. पण तिकडून सकाळी निघालं, तर आपलं घड्याळ मागे असल्यामुळे इथे त्याच रात्री उतरता येतं. मला जरा बरं वाटलं.

"इंग्लिश मीडियमची ना गं तू? मग तिकडे काही अडायचं नाही," रविवारी लाडू फोडत त्याची आई म्हणाली. "आणि आता विमानतळसुद्धा तुमच्या पनवेललाच आलाय. चपला घातल्या की निघालीस!"

सगळे हसले. मग त्या काकू त्यांच्या यजमानांबद्दल बोलायला लागल्या. ते अचानक गेले होते. "याला यायला पुरते दोन दिवस लागतात हो. तोवर ठेवणार कसं? शेवटी पुतण्याने अग्नी दिला. हा बिचारा तिकडे एकटाच रडत बसला."

मी त्याच्याकडे पाहिलं. तो चिवड्यातले शेंगदाणे निवडून खात होता.

"जरा बोला दोघं," म्हणून आम्हाला बाल्कनीत पाठवलं. खाली कोणीतरी गाडी धूत होतं. बराच वेळ मी तेच बघत राहिले. शेवटी विचारलं, "एका दिवसात पोचता येतं ना?"

"बघितलंस वाटतं!" तो हसला. छान हसतो तो. "आईला दोन दिवस सांगून ठेवलंय. नाहीतर सारखं कोणीतरी आजारी पडतं, मग ये म्हणतात. तूही घरी दोनच सांग. होते त्यांना सवय."

आत आल्यावर बाबांनी त्याला विचारलं, "प्रवास केवढा असतो?"

"दोन दिवस धरा," तो म्हणाला. बघत माझ्याकडे होता.

दुसऱ्या दिवशी होकाराचा फोन आला. आई हसतच खोलीत आली. "मुलगा म्हणाला म्हणे, मुलगी अबोल आहे, पण लक्ष फार असतं तिचं. तिकडे गेली की सुटेल ते."

मी तिला बाल्कनीतलं सगळं सांगितलं. ती पलंगाच्या कडेला बसली.

"अगं, कामाच्या गडबडीत माणूस असं सांगतो काहीतरी," ती म्हणाली. "आणि दोन दिवस तर दोन दिवस. मी काय लगेच मरतेय?"

काकूंना उलट फोन लावायला तिने मोबाइल घेतला, तो मी तिच्या हातातून काढून घेतला. तिने परत मागितला नाही. बाबा दारात येऊन उभे राहिले होते. "दे, त्यांना नाही म्हणून मीच सांगतो," म्हणत त्यांनी मोबाइलसाठी माझ्यापुढे हात पसरला आणि तसाच धरून ठेवला.