बाबा कधी नाही म्हणाले नाहीत

"याकोब, जरा बाहेर ये रे."

झावळ्यांचा रविवार होता. बिशपसाहेब येणार होते. चर्च भरत आलं होतं. आम्ही दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसलो होतो. चर्चचा कारभार बघणारे सर तिथं आले आणि त्यांनी बाबांना हाक मारली. सर बाबांपेक्षा वयानं लहान. तरी "याकोब", तरी "ये रे". बाबा "सलाम, सर" म्हणत लगेच उभे राहिले.

मी पाचवीत होते. अंगात नवा पांढरा फ्रॉक, हातात झावळी. प्रभू गाढवावर बसून यरुशलेमेत येतो, तो उतारा मला पुढे जाऊन पाठ म्हणायचा होता. महिनाभर बाबांनी तो माझ्याकडून घोटून घेतला होता. मी पुटपुटतच बाबांच्या मागोमाग बाहेर गेले.

चर्चच्या मागचा गटाराचा चेंबर तुंबला होता. झाकणाच्या कडेनं घाण वर येऊन पाळकसाहेबांच्या खोलीच्या पायरीपर्यंत पसरली होती.

"बिशपसाहेब यायच्या आत मोकळा करून टाक," सर म्हणाले.

बाबा म्हणाले, "सर, मी उपासनेला आलोय. एखादा माणूस बोलावला तर?"

"रविवारी कोण मिळणार? आणि तू घरचा असताना बाहेरचा कशाला? सेवाच आहे ही, याकोब. प्रभूनं नाही का शिष्यांचे पाय धुतले?"

बाबांनी डोळे मिटले. क्षणभरच. मला माहीत होतं, ते प्रार्थना करतायत. कुठलीही गोष्ट करायच्या आधी ते असे डोळे मिटायचे. मग त्यांनी शर्ट काढला, घडी करून माझ्या हातात दिला. लोखंडी झाकण सरकवलं. आधी बांबू घालून पाहिला. मग आत उतरले. कमरेपर्यंत.

आत पेटीचे सूर सुरू झाले. होसान्ना, होसान्ना. मी शर्ट आणि झावळी धरून उभी होते. बाबा खाली वाकत होते, वर येत होते. एकदा ओकले. माझ्याकडे बघून म्हणाले, "लांब उभी राहा. फ्रॉक खराब होईल."

फ्रॉक खराब झालाच. शिंतोडे उडाले.

बाबा नळावर अंग धुऊन, शर्ट घालून दाराशी आले. सर दारातच होते. त्यांनी नाकाला रुमाल लावला.

"आता आत नको. वास येतोय. इथूनच ऐक. प्रभुभोजन बाहेर आणून द्यायला सांगतो."

माझ्या फ्रॉककडे बघून म्हणाले, "हिलाही राहू दे आज."

माझा उतारा सरांच्या मुलीनं म्हटला. पुस्तकात बघून. आम्ही बापलेक बाहेर सायकलींच्या रांगेपाशी उभे राहून ऐकत होतो. माझे ओठ तिच्याबरोबर हलत होते. आई आत, धाकट्या सॅमला मांडीवर घेऊन. ती वळून वळून बघत होती.

प्रभुभोजनाची भाकर, द्राक्षारस, काहीच बाहेर कुणी आणलं नाही.

घरी आई भांडली. रेल्वेच्या क्वार्टरमध्ये दोन्ही बाजूंना ऐकू जाईल एवढी भांडली. "स्टेशनात गटारं साफ करता ते पोटासाठी करता. देवाच्या घरातपण तेच?" बाबा एवढंच म्हणाले, "प्रभूनं सांगितलं असेल म्हणूनच त्यांनी मला बोलावलं."

आमचे आजोबा नगर जिल्ह्यातले. मांग. बाप्तिस्मा घेऊन बडोद्याला आले तेव्हा जात गावात राहिली असं त्यांना वाटलं. जात आमच्या आधीच येऊन बसली होती. सरांचे आजोबा संस्थानच्या कचेरीत मोठ्या हुद्द्यावर होते. ते ख्रिस्ती कसे झाले हे सर दरवर्षी वेदीपाशी उभं राहून सांगायचे. आणि ते कोणत्या घराण्यातून आले हेही न चुकता सांगायचे. सगळे माना डोलवायचे. आमच्या आजोबांची गोष्ट कुणी विचारली नाही.

त्या रविवारनंतर रीतच पडली. नाताळ आला, याकोबला बोलवा. पुनरुत्थानाचा सण आला, याकोबला बोलवा. कुणाच्या लग्नाचं जेवण चर्चच्या आवारात असलं, याकोबला बोलवा. बाबा जायचे. कधी नाही म्हणाले नाहीत.

बाबा भोळे होते, मार खाल्लेले होते, असं म्हणून मला सुटता येत नाही. बाबांची प्रार्थना खरी होती. मी ती रोज पाहिली आहे. पहाटे उठायचे, चहाच्या आधी खिडकीशी बसायचे. मागायचे कमी. गप्पच जास्त बसायचे. मला म्हणायचे, "बाळा, आपणच बोलत राहिलो तर त्याचं कधी ऐकणार? जागं राहायचं." याच प्रार्थनेनं त्यांची दारू सुटली. मी बारावी झाले तेव्हा सगळा गोतावळा म्हणाला, पोरीचं लग्न उरका. बाबा दोन दिवस खिडकीशी बसले आणि म्हणाले, "प्रभू म्हणतो, शिकू दे." मी बी.एस्सी. केलं ते त्या खिडकीमुळे. ज्या प्रार्थनेनं मला कॉलेजात पाठवलं, तीच त्यांना चेंबरात उतरवत होती. हे मला अजून पचलेलं नाही.

कॉलेजात असताना मी चर्चला जाणं बंद केलं. बाबांनी जबरदस्ती केली नाही. रविवारी निघताना दारात थोडे थांबायचे, तेवढंच.

पुढे बडोद्याजवळ नंदेसरीला एका कारखान्याच्या लॅबमध्ये मला नोकरी लागली. पहिल्याच आठवड्यात सुरक्षेचं शिक्षण होतं. शिकवणारे साहेब गटारात आणि टाक्यांत साचणाऱ्या गॅसबद्दल सांगत होते. म्हणाले, "पहिल्यांदा सडक्या अंड्यासारखा वास येतो. मग येईनासा होतो. वास गेला म्हणजे गॅस गेला असं समजू नका. तुमचं नाक बधिर झालेलं असतं. माणसं तिथंच मरतात."

बाकीचे टिपून घेत होते. मी पेन खाली ठेवलं. बाबा त्याच गॅसमध्ये उतरत होते. दोरी नाही, मुखवटा नाही, वर लक्ष ठेवायला एक पोरगी. आणि दुसरंही मनात आलं. आमच्या घराला वास येणं कधी बंद झालं? पहिल्यांदा आई भांडली होती. मग तीही बाबांचे जुने कपडे आधीच काढून ठेवायला लागली.

त्या संध्याकाळी मी बाबांचं बायबल घेतलं. बाबा रिटायर झाल्यावर आम्ही बडोद्यातल्याच वाडी भागात भाड्यानं राहायला आलो होतो. पोळातली, म्हणजे जुन्या गल्लीतली, एक खोली आणि वर पत्र्याचा माळा. माळ्यावर बसून मी पाय धुण्याचा अध्याय वाचला. सरांच्या तोंडून तो इतक्यांदा ऐकला होता की स्वतः कधी वाचलाच नव्हता. गुरू जेवणावरून उठतो. स्वतः उठतो. कमरेला रुमाल स्वतः बांधतो. रुमाल दुसऱ्याच्या कमरेला बांधून, तू धू, मी बघतो, असं तो कुठेच म्हणत नाही. मी पुन्हा वाचलं. मला रडू आलं, आणि रागही इतका आला की बायबल मिटून मी हातात घट्ट धरून बसले.

तेव्हापासून मी पुन्हा प्रार्थना करायला लागले, चर्चलाही जायला लागले. बाबांसारखीच. गप्प बसून.

बाबांना खोकला लागला होता. जिना चढताना मध्ये बसायचे. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं फार पूर्वीपासून खराब झालीयत. मी म्हटलं, "बाबा, आता बोलावलं तर नाही म्हणा."

बाबा बराच वेळ खोकत राहिले. मग म्हणाले, "माझ्या तोंडात तो शब्दच नाही, बाळा. मी शोधलाय."

मी शोधलाय. म्हणजे त्यांना कळत होतं. इतकी वर्षं मला वाटत होतं, त्यांना कळत नाही.

पावसाळा संपता संपता बाबा गेले.

मयताची उपासना चर्चमध्येच झाली. बाबांची शवपेटी वेदीपुढे ठेवली होती. आयुष्यात पहिल्यांदा ते इतके पुढे होते. मी सकाळी प्रार्थनेला बसले होते. आजचा दिवस मला गप्प राहू दे, एवढंच मागितलं होतं. उत्तर आलं नाही.

सर बोलायला उठले. आता तेही म्हातारे झालेत. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या हरणीहून मुलानं गाडीतून आणलं होतं. हातात काठी. आवाज तोच.

"याकोब म्हणजे नम्रतेचा नमुना. कसलंही काम सांगा, कधी नाही म्हणाला नाही. प्रभूनं त्याला सेवेचं दान दिलं होतं. मला प्रभू सांगतोय, हे दान या घरातून जाणार नाही. सॅम्युएल, आता नाताळ येईल. वडिलांची जागा तुला घ्यायची आहे, बरं का."

सॅम माझ्या शेजारी बसला होता. चोविशीचा, फिटर. त्यानं मान खाली घातली आणि म्हणाला, "होय, सर."

त्या 'होय'मध्ये बाबांचा आवाज होता. हुबेहूब.

मी उभी राहिले. उठायचं ठरवलं नव्हतं.

"सर, माझ्या वडिलांना सेवेचं दान नव्हतं. त्यांना भीती होती. तुमची."

मी बोलत राहिले.

"तुम्ही त्यांना उपासनेतून उठवून चेंबरात उतरवलंत. मग वास येतो म्हणून दाराबाहेर उभं केलंत. प्रभुभोजन आणून देतो म्हणालात, आणलं नाहीत. पाय धुवायला प्रभू स्वतः उठला होता. तुम्ही एकदा तरी उठलात? माझा भाऊ येणार नाही. आणि प्रभू तुम्हाला काय सांगतो ते आम्हाला सांगू नका. त्याचं ऐकायला आम्हालाही कान आहेत."

सरांच्या पत्नी म्हणाल्या, "मयतीत हे शोभतं का ग तुला?"

पाळकसाहेब तरुण होते. त्यांनी पुस्तकातून डोळे वर केले नाहीत. सर काठीवर दोन्ही हात ठेवून उभे. मला वाटलं होतं, त्यांच्याकडे बघून मला बरं वाटेल. काहीच वाटलं नाही. एक म्हातारा माणूस दिसला, ज्याला मी काय म्हणतेय ते खरंच कळत नव्हतं. त्याला खरंच वाटत होतं की त्याचं बाबांवर प्रेम होतं.

आईनं माझा पदर ओढला. "बस खाली. आज नाही. आज नाही ग."

हीच आई एकेकाळी भांडली होती.

कब्रस्तानात माती द्यायला फार थोडी माणसं आली. मंडळीतली बरीचशी गाडीत बसून घरी गेली. पेटी उचलायला खांदा कमी पडला तेव्हा आमच्या पोळातले कंसाराकाका पुढे झाले. तांब्यापितळेची भांडी ठोकतात, देवळात जाणारे माणूस. त्यांनी काही विचारलं नाही. माती देऊन झाल्यावर आईला म्हणाले, "बेन, कंई काम होय तो केजो." ताई, काही काम असलं तर सांगा. आई तेव्हा मोठ्यानं रडली.

सॅम घरी आल्यावर माझ्याशी बोलला नाही. बरेच दिवस बोलला नाही. एकदा जेवताना ताट सरकवून म्हणाला, "तू बाबांना सगळ्यांसमोर भित्रा म्हणालीस." हो, मी म्हणाले होते. खरं होतं. आणि ते पेटीत होते, उत्तर देऊ शकत नव्हते. बाबांना ते आवडलं असतं का, हे मी रोज विचारते. ते 'सुटलो' म्हणाले असते, की लाजले असते? मला माहीत नाही. हे मला कधीच कळणार नाही.

नाताळच्या आधी फोन आला. सरांच्या मुलाचा, सॅमला. फोन स्पीकरवर होता.

"अरे सॅम, चेंबर पाहून घे ने जरा. पप्पांनी खास तुझं नाव सांगितलंय."

सॅमनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली नाही, खुणावलं नाही. हे त्याचं होतं. आई चुलीशी हात थांबवून उभी होती.

सॅम म्हणाला, "नाही. मशीनवाल्याला बोलवा."

फोन ठेवला आणि तो भिंतीला टेकून लहान पोरासारखा रडला. "मी बाबांना सोडलं," म्हणाला. आईनं त्याचं डोकं पोटाशी धरलं. मी जवळ गेले नाही. मला जायचा हक्क आहे का, तेच कळेना.

लोक मला सांगतात, चर्च बदल ना. गुजराती मंडळीचं चर्च आहे, दुसरीही आहेत. मी बदलणार नाही. मी दर रविवारी तिथंच जाते. काही जण सलाम करत नाहीत. प्रभुभोजनाच्या वेळी माझ्या शेजारची बाई थोडी सरकते. सरकू दे. ते मेज प्रभूचं आहे, त्यांचं नाही.

मी प्रार्थना सोडलेली नाही. पहाटे उठते, गप्प बसते. देवानं मला रस्ता दाखवावा हे मी आजही मागते, आणि तो दाखवतो यावर माझा विश्वास आहे. पण माझ्यावतीनं तो रस्ता दुसऱ्या कुणी बघून यायचा नाही. कुणी "प्रभूनं मला सांगितलं, तू हे कर" म्हणालं, तर मी आधी त्याचे हात बघणार. ते मळलेले आहेत का. तो माझ्याबरोबर उतरणार आहे का. नसेल, तर तो बोलतोय, देव नाही. आणि देवाच्या नावानं कुणी आमच्यातल्या माणसाला पुन्हा त्या झाकणाशी नेलं, तर उपासना चालू असो, मयत असो, नाताळ असो, मी उभी राहणार. आईनं पदर ओढला तरी.