वहाणा न काढणारे घरमालक

सोलापुरात गुन्हा आधी घडतो की आमच्या घरमालकांची खबर आधी पोहोचते, हे चौकीतल्या अंमलदारालाही छातीठोकपणे सांगता आलं नसतं. दिवसभर ते डोक्यावर टोपी आणि पायात वहाणा घालून ओसरीवर बसत. जेवायला बसले तरी वहाणा पाटाशेजारी असायच्या, आणि त्यावरून घरमालकीणबाईंनी कपाळाला हात लावला नाही असा दिवस मला आठवत नाही. कुठं खुट्ट झालं की हे निघाले. एकदा कुणाची शेळी चोरीला गेल्याची खबर त्यांनी दिली, आणि पोलीस येईतो शेळी आपल्या पायांनी घरी परतली होती. नळावरच्या शिवीगाळीची खबर घेऊन गेले, तेव्हा अंमलदारानं ती अदखलपात्र ठरवली आणि यांना चहा पाजून परत पाठवलं. डोळ्यांनी पाहिलं नाही तर खबर कशी देता, असं मी चिडवलं की ते गंभीर होत. खबर कुणीही द्यावी, ऐकीव असली तरी चालते, आरोपीचं नाव ठाऊक नसलं तरी अडत नाही. सांगितलेलं लिहून घ्यावं, वाचून दाखवावं आणि खाली आपली सही असावी, एवढंच. नव्या कायद्यानं नक्कलही फुकट मिळते, हे सांगताना त्यांचा चेहरा उजळे.

एका दुपारी मागच्या घरातून तिथल्या सुनेचा आवाज आला. दुधनीकडची पोर, मला मारून टाकतात, म्हणून कानडीत ओरडत होती. आळीतल्या एकेका दाराला आतून कडी बसली. घरमालक चौकीकडे निघाले, त्यांच्यामागे मी. तुम्ही पाहिलंत का, पोरीचे तुम्ही कोण, असं अंमलदारानं विचारलं.

"कोन न्हाय. ऐकलं त्ये सांगतो. लिव्हा अन् मानसं धाडा. कोन मारतंय त्ये बगायचं काम तुमचं हाय."

लिहिलेलं वाचून घेऊनच त्यांनी सही केली. पोरीला कोंडलं होतं ती खोली पोलिसांनी उघडली तेव्हा तिचं डोकं फुटलं होतं, पण ती जिवंत होती. शिडीवरून पडली, असा वकिलाकडून लिहवून घेतलेला कागद घेऊन सासरा चौकीत आला, तोवर पहिली खबर नोंदून झाली होती.

परतताना मी त्यांचं कौतुक करू लागलो. त्यांनी मला मधेच थांबवलं.

"माजी लेक नातेपुत्याला दिली हुती. हिरीत सापडली. भाऊबंद म्हनले, सुतक फिटू दे, मग जा चौकीत. बसलो की मी घरात. गेलो तवा, पाय घसरून पडली म्हनून सासरच्यांची खबर आदीच लिव्हली हुती. माजा निस्ता जबाब घेतला."

मला फार वाईट वाटलं.

दुधनीहून पोरीचा बाप तिला न्यायला आला, त्या दिवशी घरमालक दोघांना एस.टी. स्टँडवर पोहोचवून आले. आल्यावर आपण होऊन वहाणा त्यांनी परसदारी नेऊन ठेवल्या आणि अनवाणी ओसरीवर टेकले. घरमालकीणबाईंनी त्यांना चहा आणून दिला. दिवेलागणीला मी बाहेर आलो, तर वहाणा पुन्हा त्यांच्या पायात होत्या.