एकतीस जबडे आणि एक खिडकी

आमच्या गल्लीत कुणी दिलखुलास हसलं की मला आधी एकच शंका येते: हे हसू घरचं, की बत्तिशीकाकांकडचं? उत्तर फक्त काकांना ठाऊक, आणि तो माणूस सांगेल तर शपथ. मी त्यांच्या डोक्यावर, म्हणजे वरच्या मजल्यावर, एकोणीस वर्षं राहतो आहे. हरतऱ्हेने विचारून झालं.

"काका, त्या बँकेतल्या साहेबांचे पुढचे दोन जरा जास्तच सरळ आहेत, नाही?"

"सज्जन माणूस आहे," काका म्हणणार, आणि हातातली कवळी घासत राहणार.

कवळ्या करणं हा त्यांचा धंदा. दातांचे डॉक्टर मापं पाठवतात, काका तळमजल्यावरच्या खोलीत मेणात दात बसवतात. दुरुस्तीला मात्र लोक थेट येतात. तडकलेली कवळी काकांच्या हातात द्यायची आणि दोन तास खिडकीजवळच्या बाकावर गाल आत घेऊन गप्प बसायचं. खिडकीजवळच, कारण दाताचा रंग दिव्याखाली कळत नाही, उजेडातच जुळवावा लागतो. काका रंगांची पट्टी ओठाशी धरून म्हणतात, "हसा बघू," आणि समोरचा, तोंडात असेल नसेल ते घेऊन, हसतो. खिडकीला पडदा नव्हता. समोर कोरी भिंत. भिंतीला कान असतात, पण डोळे नसतात, या एका म्हणण्यावर काकांचा धंदा पंचवीस वर्षं सुखाने चालला.

मग गल्लीतून तीन सायकली चोरीला गेल्या, त्यातली एक काकांची. कमिटीने कॅमेरा बसवायचं ठरवलं तेव्हा पहिला हात काकांनीच वर केला. कॅमेरा बसला तो नेमका समोरच्या भिंतीवर. आपलेच दात, आपलेच ओठ.

खोटं कशाला बोलू, कॅमेरा कामाचा निघाला. आठव्या दिवशी चोर सापडला आणि काकांची सायकल परत आली. घंटी तेवढी गेली. पण कॅमेऱ्याचं चित्र दिसणारा पडदा लावला होता कमिटीच्या खोलीत, वर्तमानपत्रांच्या टेबलासमोर. तिथे पेपर वाचायला बसणाऱ्यांचं पेपरात लक्ष लागेना. कोण किती वाजता घरी आलं, कुणाच्या पिशवीत काय होतं, सगळं आयतं डोळ्यांसमोर. मी तर चष्मा नवा केला.

एका दुपारी पडद्यावर काकांची खिडकी दिसत होती. बाकावर एक गृहस्थ होते, तोंडाचं पार बोळकं झालेलं. कुणीतरी म्हणालं, "अरे, हे तर आपले…" आणि टेबलाभोवती जो हशा पिकला! ज्यांच्या आवाजाला अख्खी गल्ली दबून असते, तेच गृहस्थ. हसणाऱ्यांत मीही होतो, आणि पोट धरून होतो.

संध्याकाळपर्यंत ते त्यांच्या कानावर गेलं. त्यानंतर ते कवळी न्यायलासुद्धा फिरकले नाहीत. शेवटी काका स्वतःच ती डब्यात घालून त्यांच्या घरी गेले. दार वीतभर उघडलं, एक हात बाहेर आला, डबा आत गेला, दार बंद. "धन्यवाद"सुद्धा नाही. अर्थात दातांशिवाय ते म्हणणं कठीणच.

तेव्हापासून बाक ओस पडला. तीन आठवड्यांत दोनच माणसं आली, तीही रस्त्याच्या पलीकडूनच विचारून गेली, "कॅमेरा चालू आहे का हो?"

काकांनी खिडकीला पडदा लावून बघितला. दिव्याखाली जुळवलेला दात डॉक्टरांनी पाठवलेल्या एका बाईंच्या तोंडात बसला तेव्हा काकू म्हणाल्या, "अहो, हा दात आहे की ट्यूबलाइट?" पडदा उतरला.

डॉक्टरांचा निरोप आला, माझ्या दवाखान्याच्या तळघरात या, तिथे कुणी बघत नाही. तिथे खिडकीही नव्हती. काका रोज खोलीचं कुलूप हातात घेऊन बसायचे आणि लावायचे नाहीत.

मग ते अध्यक्षांकडे गेले. "कॅमेरा काढा म्हणत नाही. रस्ता हवा तेवढा बघा. माझी खिडकी तेवढी सोडा."

"तक्रार तुमची की गिऱ्हाइकांची?" अध्यक्षांनी विचारलं. ते नियमाचे पक्के. स्वतःच्या बायकोलासुद्धा पोच मागणारे.

"गिऱ्हाइकांची."

"मग त्यांच्या सह्या आणा. नावानिशी. रविवारी बैठकीत ठेवू."

काकांनी दाताच्या कण्या केल्या, पण अध्यक्ष हलले नाहीत. घरी काकू वैतागल्या. त्यांचा आवाज वर येतो, मला कान लावावा लागत नाही. फार.

"जो सही करायला येईल तो तोंड लपवून कशाला बसला असता? अहो, चार नावं सांगून टाका. गल्ली तुम्हाला काय फाशी देणार आहे?"

"नावं सांगितली तर कॅमेऱ्यात आणि माझ्यात फरक काय उरला?"

काकूंनी चहाचं आधण ठेवलं. मी वर चष्मा पुसायला घेतला.

रविवारी सकाळी बैठकीला आम्ही चौदा जण होतो. शिवाय कॅमेऱ्याची तार तपासायला आलेली कंपनीची मुलगी, शिडीवर. काका बुटांचं मोठं खोकं काखेत घेऊन आले.

"सह्या आणल्या?" अध्यक्षांनी विचारलं.

"आणल्या." काकांनी झाकण काढलं आणि टेबलावर मापावरून ओतलेला एकेक प्लास्टरचा जबडा मांडायला सुरुवात केली. "माणसाची सही दुसऱ्याला करता येते, साहेब. चावा नाही करता येत. या खऱ्या सह्या. नाव नाही, खाली नुसता आकडा आहे. कुठला आकडा कुणाचा, ते इथे आहे," असं म्हणून त्यांनी कपाळावर बोट ठेवलं. "मोजून घ्या. एकतीस. सगळे याच गल्लीतले."

मंडळी, अशी दातखीळ मी आयुष्यात पाहिली नाही. क्षणापूर्वी गप्पा छाटणारी चौदा तोंडं एकदम मिटली. गालाच्या आतून जिभा फिरताना दिसत होत्या, आहेत ना सगळे जागेवर? कुणी कुणाकडे बघेना, आणि टेबलाकडे तर मुळीच बघेना. चिटणीसबाईंनी पदर तोंडाला लावला. काका मात्र वर पंख्याकडे बघत उभे होते, म्हणजे चुकूनही नजर कुणावर थांबायला नको.

अध्यक्षांनी एक जबडा उचलला, उलटा केला, आकडा वाचला आणि गरम तवा ठेवावा तसा खाली ठेवला. तो त्यांचा होता? त्यांच्या सौभाग्यवतींचा? की नुसतंच प्लास्टर गार लागलं? मी काकांना नंतर अकरा वेळा विचारलं. अकरा वेळा कळलं की अध्यक्ष सज्जन माणूस आहेत.

"सह्या पुरेशा आहेत," अध्यक्ष खाकरून म्हणाले. "पण खिडकी सोडायची तर कॅमेरा हलवावा लागेल, आणि मग अर्धा रस्ता…"

"कशाला हलवायचा?" शिडीवरून मुलगी म्हणाली. "खिडकीपुरता काळा चौकोन टाकते. तेवढा भाग दिसतही नाही, साठवलाही जात नाही. दोन मिनिटांचं काम आहे."

"दोन मिनिटांचं?" काका खुर्चीत बसलेच. "मग आधी का नाही सांगितलंत, बाई?"

"मला विचारलं कुणी?"

तिने खरोखर दोन मिनिटांत केलं. पडद्यावर सगळी गल्ली स्वच्छ, आणि मधोमध एक काळी फट, पुढचा दात पडल्यासारखी. काका त्या फटीकडे कितीतरी वेळ बघत राहिले. पंचवीस वर्षं माणूस फटी बुजवत आला. त्यांच्या खांद्यांवरून तीन आठवड्यांचं ओझं उतरलेलं मागच्या रांगेतूनही दिसत होतं. अध्यक्षांनी जाता जाता वर्तमानपत्रांसमोरचा पडदाही आतल्या कपाटात हलवायला लावला, किल्ली चिटणीसबाईंकडे. माझ्या नव्या चष्म्याचं कुणाला काही वाटलं नाही.

काकांनी जबडे परत मोजून खोक्यात भरले. एकतीस. मीही मोजले. तेवढ्यात दोघांतिघांनी खालचा आकडा वाचायचा प्रयत्न केला, हे लिहून ठेवतो.

सोमवारी सकाळी दहाच्या सुमाराला खालून आवाज आला, "हसा बघू. अजून. अहो, मोकळं हसा, कॅमेऱ्याला दिसत नाही." आणि मग जे हसू आलं! गडगडाटी, खिडकीतून थेट रस्त्यावर. आवाज ओळखीचा वाटला. मी सहज, दूध आणायला म्हणून, पायऱ्या उतरलो. दूध घरात होतं. खिडकीपाशी बुटाचा बंद बांधायला वाकलो आणि मान जरा तिरकी केली.

काका पट्टी हातात घेऊन खिडकीत आडवे उभे राहिले आणि मागे न वळता म्हणाले, "कॅमेऱ्याची सोय झाली, भाऊ. आता तुमच्यावर चौकोन कुठे चिकटवू?"