धवलारणीच्या दोन गोळ्या

आमच्या सासूबाई, ठमाबाई, म्हणजे पनवेलपासून उरणपर्यंतच्या आगरी लग्नांतल्या नावाजलेल्या धवलारीण. भटजी उशिरा आला तरी चालतं, पण त्यांनी धवले, म्हणजे लग्नातली गाणी, गायल्याशिवाय आमच्यात हळद पुढं सरकत नाही. देव, गाव, कुळ, नवरा-नवरी, सगळ्यांची नावं तोंडपाठ. फक्त सुनेचं तेवढं आठवत नाही. मी नुसती "अगो".

त्यांना तरुणपणापासून फिट येते. त्यावर एक जुनी पांढरी गोळी, ती राहते मिश्रीच्या डबीत. यंदा पुन्हा फिट आली, तेव्हा आमचे हे, कमळाकर, त्यांना पनवेलच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी विचारलं, "आधीचं काही औषध चालू आहे?"

"नाय," सासूबाई म्हणाल्या. ह्यांनी मान डोलावली. घरीही तेवढंच करतात. नवी गोळी सुरू झाली.

थोड्याच दिवसांत बाई झोकांड्या खायला लागल्या, जीभ जड झाली. जासईच्या एका हळदीत गाता गाता डुलकी लागली आणि नवरीच्या जागी तिच्या आत्याचं नाव घेऊन मोकळ्या! "बायनं आज जरा जास्तच घेतलीय," कुणीतरी म्हणालं नि सगळा मांडव हसला. जन्मात ताडीला बोट न लावलेली बाई ही!

घरी आल्यावर म्हणाल्या, "प्रांजलच्या हलदीला दुसरी धवलारीन बघा. आन त्या गोल्या पन फेकून द्या."

प्रांजल माझी मुलगी, त्यांची एकुलती नात. तिच्या हळदीत गायची स्वप्नं ही बाई ती पाळण्यात असल्यापासून बघत होती. मला संतापच आला. "फेकून द्या? आणि मांडवात फिट आली म्हणजे?" मिश्रीच्या डबीसकट सगळ्या गोळ्या पिशवीत घातल्या आणि त्यांना डॉक्टरसमोर नेऊन बसवलं.

"ही पांढरी कधीपासून घेता?"

"माजा कमल्या रांगत व्हता तवापासून."

"मग मी विचारलं तेव्हा नाही का म्हणालात?"

"तुमी औषध इचारलंत. ही कुठं औषध? ही तर घरचीच हाय."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. मग समजावलं की नवी गोळी जुनीला शरीरातून लवकर बाहेर पडू देत नाही. जुनी आत साचत जाते, म्हणून ही गुंगी.

"म्हणजे ही नवी गोळी चांगली सून आहे, सासूला घराबाहेर काढत नाही," मी म्हटलं. सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी गोळ्या पिशवीत भरायला लागले. डॉक्टरांनी जुनीचा डोस हळूहळू कमी केला, आणि आपल्या मनानं काही बंद करायचं नाही असा दम भरला. झोकांड्या थांबल्या.

प्रांजलच्या हळदीला जासईची मंडळी मुद्दाम पुढं येऊन बसली. देव झाले, गाव झालं, कुळ झालं. नवरीचं नाव यायचं तिथं सासूबाई थांबल्या. मांडवात कुजबुज सुरू झाली. मी पाण्याचा तांब्या घेऊन धावले. बघते तर डोळे भरलेले.

"गोलीचं नाय गो ह्ये, रोहिणी," हळूच म्हणाल्या. "नात चालली माजी."

मग पदरानं तोंड पुसून त्यांनी प्रांजलचं नाव घेतलं, पार रस्त्यावर ऐकू जाईल असं. त्याआधी माझं घेतलं होतं, ते फक्त मीच ऐकलं.